पांढरीखालचं तगर

गावाच्या जमिनीला आपल्याकडे दोन रंग असतात. जी पिकते ती काळी आणि जिच्यावर घरं उभी असतात ती पांढरी. काळी निसर्गाची, लाव्ह्याचा खडक झिजून झिजून ती झाली. पांढरी माणसांनी केलेली, तीही कुणी ठरवून नाही. मातीचं घर तीस-चाळीस पावसाळे काढतं, मग एखाद्या साली भिंत खचते. पडलेली माती उचलून कोण कुठं नेणार? तिथंच पसरायची, चोपायची आणि तिच्यावर नवी भिंत घालायची. चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, फुटकी खापरं, सारवणाचे पोपडे, हाडं, चुना, सगळं तिच्यात मुरत जातं. दर पिढीला गाव थोडं वर चढतं. हजारेक वर्षांनी ते शेजारच्या रानापेक्षा चांगलंच उंच झालेलं असतं आणि त्या उंचवट्याची माती राखेनं, चुन्यानं भुरकट दिसते. तीच पांढरी.

गाव उठून गेलं तर मागं उरतं ते पांढरीचं टेकाड. महाराष्ट्रभर अशी टेकाडं आहेत. पुरातत्त्ववाल्यांनी यासाठी नवा शब्द घडवायच्या भानगडीत न पडता लोकांचाच उचलला, हे मला फार आवडतं.

धाराशिवच्या ईशान्येला वीस-बावीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी, तेर नावाचं गाव आहे. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक. बाकीच्यांना बहुतेक ठाऊकच नसतं. या गावाच्या आत आणि भोवती पांढरीची टेकाडं आहेत आणि त्यांच्याखाली तगर नावाचं शहर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड रोमन साम्राज्याकडं जाणाऱ्या जहाजांवर चढत होतं. असं वाक्य माहितीफलकावर वाचून आपण मान डोलावतो आणि चपला घालून पुढच्या देवळाकडं निघतो. पण हे कळलं कसं? खोदताना 'तगर आपले सहर्ष स्वागत करीत आहे' अशी कमान काही निघाली नव्हती.

दहा दिवसांची वाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं, त्याचं नाव कुठं उरलेलं नाही, तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय मिळतं, वारा कधी धरायचा, खडक कुठं आहेत. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. साहित्य म्हणून रुक्ष, पण धंद्याच्या माणसानं धंद्याच्या माणसासाठी लिहिलेली असल्यामुळं फेकाफेक कमी.

त्यात तो सांगतो की दख्खनच्या पेठांमध्ये दोन विशेष महत्त्वाच्या. बारिगाझाच्या म्हणजे भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड येतात आणि तगरहून भरपूर जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा सगळा माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला आणला जातो.

पैठण कुठं आहे हे माहीत होतं. तगर कुठं, यावर एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांची चांगलीच जुंपली. कुणी दौलताबाद म्हणालं, कुणी जुन्नर, कुणी धारूर, कुणी कोल्हापूर. १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट या शिलालेखांच्या अभ्यासकानं तेरवर बोट ठेवलं.

त्याच्या मागचा हिशेब आपण घरबसल्या करून बघू शकतो. नकाशावर भडोच ते पैठण सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. वीस दिवसांनी भागलं तर दिवसाला सतरा-साडेसतरा. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. दहा दिवसांनी भागलं तर पंधरा. वाटेच्या वळणांचे दोन-चार किलोमीटर वर धरा, आणि कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा की भरलेली बैलगाडी दिवसात किती चालते. आकडा जमतो. दिशेत मात्र थोडी खोट आहे. तेर पैठणच्या थेट पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण लिहिणारा किनाऱ्यावरचा माणूस. भडोचच्या गुदामात बसून गाडीवानांकडून ऐकलेली दिशा त्यानं लिहिली असेल तर एवढी चूक त्याला माफ करायला हरकत नाही.

नुसत्या अंतरावर गाव ठरत नाही, कारण दहा दिवसांच्या टप्प्यात दुसरीही गावं येतील. दुसरा पुरावा आपल्या भाषेत आहे. संस्कृतातून प्राकृतात येताना शब्दाच्या पोटातली व्यंजनं झिजतात. दोन स्वरांमध्ये अडकलेला 'ग' आधी पातळ होऊन 'य' होतो, मग तोही विरघळतो. नगरचं नयर झालं आणि नयरचं नेर. संगमनेर, पारनेर, अंमळनेर यांच्या शेपटीला लागलेलं नेर म्हणजे हेच झिजलेलं नगर. आता नगरच्या जागी तगर ठेवा. तगर, तयर, तेर. भाषेनं आपला नेहमीचा नियम लावला, एवढंच. अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर नावाच्या जैन मुनीनं अपभ्रंशात रचलेल्या काव्यात धाराशिवच्या लेण्यांबरोबर 'तेरापुर' येतं, म्हणजे तोवर हा बदल होऊन गेलेला होता.

तरीही जुनं नाव मेलं नव्हतं. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. ठाण्याच्या शिलाहारांची सत्ता तेरवर होती असं नाही. पण आपलं मूळ तिथलं, हे सांगण्यात त्यांना मोठेपणा वाटत होता. पुण्यात तीन पिढ्या काढलेला माणूस आडनाव सांगताना मूळ गाव जोडतो, त्यातलाच हा प्रकार.

काळीनं दिलेलं कापड

आता प्रश्न असा की एवढं मोठं शहर इथंच का व्हावं? तेरणा काही गोदावरी नाही. बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, तेर, औसा, निलंगा भागातून वाहत जाऊन मांजरेला मिळते आणि मांजरा पुढं गोदावरीला. उन्हाळ्यात तिचं पात्र बघून कुणी तिला नदी म्हणायला धजावणार नाही. पाऊस बेताचा, तोही लहरी.

उत्तर काळीत आहे. काळी माती पाणी धरून ठेवते. पाऊस गेल्यावरही तिच्या पोटात ओल राहते आणि त्या ओलीवर कापूस, ज्वारी, हरभरा ही पिकं येतात. कापूस आला की पिंजारी, सूत कातणाऱ्या बाया, विणकर, रंगारी अशी पुढची साखळी उभी राहते. कापसासारखं नगदी पीक परवडायला गावाचं पोट ज्वारीवर भरलेलं असावं लागतं. इथं दोन्ही होतं. शिवाय तेर पूर्व किनाऱ्याकडून येणाऱ्या वाटांवर होतं. पेरिप्लसकार म्हणतो की समुद्रकाठच्या मुलखातला मालही तगरला येऊन मग पुढं भडोचला जातो. म्हणजे ही नुसती विणकरांची पेठ नव्हती, माल उतरवून पुन्हा भरायचा नाका होता.

त्या काळच्या विणकरांची पत काय होती याची एक झलक नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा जावई उषवदात यानं तिथं कोरून ठेवलंय की गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडं दोन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दरमहा शेकडा एक व्याजानं ठेवले आहेत आणि त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. हिशेब करा. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. चोख. विणकरांची संघटना राजघराण्यातल्या माणसाची मुदत ठेव सांभाळत होती, आणि मुद्दल कधीच परत मागायची नाही असं त्यातच कोरलेलं आहे. आजची कुठली पतसंस्था अशा ठेवीदाराला नाही म्हणेल?

मग एक गोष्ट खटकते. तेरहून कल्याण बंदर सरळ रेषेत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. भडोच पाचशे. कल्याण जवळ असताना गाडीवान दीडपट लांब का जात होते?

याचंही उत्तर पेरिप्लसमध्ये आहे आणि ते राजकारणाचं आहे. कल्याण पूर्वी रीतसर बंदर होतं, पण आता तिथं अडवणूक होते. एखादं ग्रीक जहाज चुकून तिकडं गेलं तर पहारा बसवून भडोचला नेतात, असं तो लिहितो. भडोच क्षत्रपांच्या ताब्यात, दख्खन सातवाहनांचं, आणि दोघांचं वैर. ज्याच्या हातात समुद्रावरची ताकद, त्यानं समोरच्याचं बंदर बसवलं आणि जकात आपल्या नाक्यावर वळवली. पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला आहे. शत्रूची नाणी वितळवायची तसदीही घेतली नाही, त्याच्याच डोक्यावर ठसा.

आणि वेळापत्रक वाऱ्याचं. इजिप्तहून जहाजं जुलैत निघत, नैऋत्येचा वारा शिडात भरून सप्टेंबरच्या सुमारास भडोचला लागत आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतत. इकडं पावसाळ्यात काळ्या चिखलातून गाडी हाकणं अशक्य. चाकाला चिखल बिलगतो आणि बैल गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणजे वाटा वाळल्यापासून जहाजं सुटेपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांतच तगरच्या गाड्यांना महिनाभराची वाट कापून भडोच गाठायचं. दसरा झाला की पेठेत किती धांदल उडत असेल, याची कल्पना ऊसतोडीच्या टोळ्या निघताना ज्यांनी बघितल्यात त्यांना सहज येईल.

रोममध्ये या व्यापारानं काही लोकांच्या पोटात दुखायला लागलं होतं. प्लिनी नावाचा लेखक कुरकुरतो की हिंदुस्थान दर वर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. हा आकडा कितपत खरा यावर वाद आहेत. तक्रार मात्र आयातीबद्दलच्या आजच्या तक्रारींइतकीच खरी वाटते.

टोपलीतून निघालेलं संग्रहालय

मराठवाड्यातल्या जुन्या घरांवर माळवद असायचं. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर हात-दोन हात जाडीचा मातीचा थर. या थराला पांढरीच लागते, कारण काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. पांढरी चोपून बसते आणि पाणी धरत नाही. तीच माती शेतात खत म्हणूनही पडायची. त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या लोक टेकाडं कुदळीनं खणून टोपल्या भरत राहिले. एका बाजूनं हा इतिहासाचा नाश होता. दुसऱ्या बाजूनं त्या टोपल्यांतूनच मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या बाहेर येत राहिल्या.

गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू गोळा करायला सुरुवात केली. लोकांना ज्याची किंमत नव्हती ते त्यांनी जपून ठेवलं. पहिल्या पावसानंतर टेकाडावरची माती धुऊन जाते आणि मणी आपोआप उघडे पडतात. अशी वेचणी वर्षानुवर्षं चालली. पुढं हा हजारो वस्तूंचा संग्रह लामतुरे कुटुंबानं शासनाला दिला आणि तेरमध्ये त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. एवढ्या गावात एवढा मोलाचा संग्रह दुसरीकडं क्वचितच असेल.

काचेच्या कपाटांसमोर घाई करू नका. पांढऱ्या चिकणमातीच्या स्त्रीमूर्ती बघा. साच्याचे दोन अर्धे, एक पुढचा एक पाठीचा, दाबून जोडलेले. कडेला नीट बघितलं तर सांधा दिसतो. केशरचना इतकी बारीक की वेणीतले पेड मोजावेत. दुसरी गंमत म्हणजे रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला. नाण्याचा ठसा मातीवर उठवायचा, भाजायचा, ओवायला भोक किंवा कडी करायची आणि गळ्यात घालायचं. अशा काहींवर सोन्याचा पातळ पत्राही चढवत. सोन्याचं नाणं गळ्यात घालणारी सावकाराची बायको आणि तिच्यासारखं दिसावं म्हणून मातीचं घालणारी शेजारीण, दोघी एकाच गल्लीत राहत असणार. एक ग्रॅम सोन्याचे दागिने ही काही आजची युक्ती नाही.

आणि हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती. तिची गोष्ट सांगायलाच हवी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि इटलीतलं पॉम्पेई राखेखाली गेलं. १९३८ साली तिथल्या एका घराच्या खोदकामात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती निघाली: भरपूर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. ही कुठली, मथुरेची का, अशी चर्चा झाली. मग तेरची मूर्ती आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळालेली मूर्ती शेजारी ठेवून बघितल्यावर घडण जवळची वाटायला लागली. पॉम्पेईची बाहुली नेमकी कुठं कोरली गेली, हा वाद संपलेला नाही. तिच्या पायथ्याला खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. पण त्या धाटणीची बायकांची रूपं मराठवाड्यातल्या दोन गावांत कोरली किंवा वापरली जात होती, हे पक्कं. ती आरशाची मूठ होती की कुठल्या आसनाचा पाया, यावरही दोन मतं आहेत.

खरी शिस्तीची खोदाई वेगळी. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकर यांनी इथं उत्खनन केलं, त्याच्या आधी आणि नंतरही खोदकामं झाली आणि सातवाहनकाळातल्या विटांच्या बांधकामांचे, स्तूपाचे अवशेष समोर आले. नियम साधा: खालचा थर जुना, वरचा नवा. थरात एखाद्या राजाचं नाणं मिळालं की त्या थरातली खापरंही साधारण त्या काळातली किंवा थोडी नंतरची. पण पांढरी इतकी सरळ नसते. नंतरच्या माणसांनी धान्यासाठी पेव खोदलेलं असतं, ते पाच थर फोडून खाली जातं. उंदरानं बीळ केलेलं असतं. मग दोनशे वर्षांनंतरचा मणी सातवाहनांच्या घरात जाऊन बसतो. म्हणून उत्खननात कुदळीपेक्षा ब्रश आणि चाकू जास्त चालतात, आणि मातीचा रंग कुठं बदलला हे टिपणारा माणूस सगळ्यात मोलाचा.

तरंगणारी वीट

महाराष्ट्र हा काळ्या दगडाचा देश. लेणी दगडात, किल्ले दगडाचे, हेमाडपंती देवळं दगडाची. तेरची जुनी देवळं मात्र विटांची, आणि म्हणून ती टिकणं हेच आश्चर्य. उत्तरेश्वर आणि कालेश्वर ही त्यातली दोन. उत्तरेश्वराची कोरीव लाकडी चौकट विशेष प्रसिद्ध. सगळ्यात महत्त्वाचं त्रिविक्रमाचं.

या देवळाला शिखर नाही. मागून बघितलं तर भिंत अर्धगोल फिरते आणि छप्पर पालथ्या नावेसारखं. कार्ल्याचं किंवा भाज्याचं चैत्यगृह आठवा, आणि ते डोंगरातून उपसून मोकळ्या जागी ठेवलंय असं समजा. पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला. हेन्री कझिन्स यानं १९०२-०३ च्या पुरातत्त्व अहवालात हे देऊळ जगापुढं आणलं आणि हे मुळात बौद्ध चैत्य असावं असं मत मांडलं. आकारामुळं ते पटतं. पण गोल पाठीची देवळं त्या काळी हिंदूही बांधत होते, त्यामुळं ते पहिल्यापासून विष्णूचंच असावं असं म्हणणारेही आहेत. आज आत त्रिविक्रम आहे, बळीच्या डोक्यावर पाय ठेवायला निघालेला वामन, आणि रोज पूजा होते. आकार चैत्याचा आणि देव विष्णूचा, यात गावकऱ्यांना काही अडचण वाटत नाही. मलाही नाही.

आता वीट. तेरच्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. याला चमत्कार म्हणायची गरज नाही. साधी वीट पाण्याच्या पावणेदोन-दोन पट जड असते, म्हणून बुडते. पण मातीत भाताचं तूस भरपूर मिसळून वीट थापली आणि भाजली, तर भट्टीत तूस जळून जातं आणि त्याच्या जागी हवेच्या बारीक पोकळ्या उरतात. पोकळ्या इतक्या झाल्या की अख्ख्या विटेचं वजन तेवढ्याच पाण्यापेक्षा कमी भरलं, की वीट तरंगते. हलकी वीट कशासाठी? छताचं वजन कमी, तर भिंतींवरचा रेटा कमी.

याच तेरणेच्या खोऱ्यात, खालच्या अंगाला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचं वजन अंगावर येऊन. ती घरं उन्हाळ्यात थंड होती, चोरांपासून सुरक्षित होती, दुष्काळी मुलखाला शोभणारी होती. भूकंप कुणाच्या हिशेबातच नव्हता.

कच्चं मडकं

तूस जाळून पोकळ्या करायची युक्ती कुंभाराच्या घरात रोजची. मडक्याच्या मातीत तो घोड्याची लीद किंवा राख मिसळतो. माती फाटत नाही, नीट भाजते, आणि उरलेल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून वाळतं म्हणून माठ गार राहतो. ही माती आधी भिजवून पायांनी तासन्‌तास तुडवावी लागते. खडा राहिला तर मडकं भट्टीत तडकतं. तुडवताना पावलांची एक लय लागते आणि माणूस तंद्रीत जातो. गोरोबाकाकांच्या कथेतला तो भयंकर प्रसंग, विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवताना रांगतं मूल पायाखाली आल्याचं न कळणं, हे काम बघितल्यावर वेगळाच अंगावर येतो.

गोरा कुंभार तेराव्या-चौदाव्या शतकातले, ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यातले. वयानं सगळ्यांत मोठे म्हणून काका. तेरमध्ये तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे आणि चैत्र वद्यात यात्रा भरते. त्यांची दुसरी कथा मला जास्त जवळची. संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईंना कोपऱ्यात थापटणं दिसलं. "काका, हे कशाचं?" "मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं." "मग आम्हीही मडकीच की, बघा बरं." काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे शांत बसले. नामदेव चिडले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. नामदेव तिथून तडक पंढरपूरला गेले, विठ्ठलाकडं तक्रार केली, आणि त्यानंच त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडं गुरू करायला धाडलं, असं परंपरा सांगते.

यातलं तंत्र अगदी खरं. नीट भाजलेल्या मडक्यात मातीचे कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, त्यामुळं टिचकीचं कंपन सगळ्या अंगभर फिरतं आणि खणखणीत वाजतं. कुठं तडा असेल किंवा मधली माती अर्धवट भाजलेली असेल तर कंपन तिथंच मरतं आणि आवाज बद्द येतो. 'खणखणीत' हा शब्द आपण नाण्यालाही लावतो आणि माणसालाही. बाजारात माठ घेणारी बाई अजून बोटाच्या पेरानं हीच परीक्षा घेते. "बद्द वाजतोय, दुसरा दाखव." कुंभारही वाद घालत नाही.

शहर लहान कसं होतं

तगर एका रात्रीत बुडालं नाही. तिसऱ्या शतकात सातवाहन संपले, रोमचा व्यापार ओसरला, लांबच्या गिऱ्हाइकाचं कापड बंद झालं. तरी पुढं हजारेक वर्षं इथं देवळं बांधली जात होती, दानलेख कोरले जात होते, जैनांची मोठी वस्ती होती. मग सत्ता जिथं किल्ला तिथं गेली: देवगिरी, परांडा, नळदुर्ग. नदीकाठच्या मोकळ्या गावाला तटबंदीच्या गावापुढं टिकाव धरता येत नाही. निजामी राजवटीत जिल्ह्याचं ठिकाण धाराशिवला आलं, त्याचं उस्मानाबाद झालं आणि २०२३ साली पुन्हा धाराशिव. शेवटचा धक्का रुळांचा. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला पोहोचली आणि १९११ पर्यंत लातूरला. जिथं वाघिणी भरायला लागल्या तिथं अडत्यांची दुकानं लागली. बार्शी आणि लातूर मोठी झाली. काळीही बदलली. आता शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा, पाणी असेल तिथं ऊस. मलमलीच्या गावात कापूस नावाला.

माळवदाची घरं आता कुणी बांधत नाही, स्लॅब आले. त्यामुळं पांढरीच्या टोपल्या भरणं थांबलं. पण त्या जागी प्लॉट पडतात आणि पाया घ्यायला जेसीबी येतो. टोपलीवाली बाई मणी दिसला की वाकून उचलायची. यंत्राच्या फावड्यात पाच थर एका घासात जातात आणि वर बसलेल्या चालकाला काही दिसत नाही.

कुणाला शेतात काही सापडलंच तर त्यासाठी कायदा आहे, १८७८ चा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही चीज मिळाली तर ती कधी, कुठं आणि काय मिळाली हे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. ते दहा रुपये दीडशे वर्षांपूर्वीचे. तेव्हा ती चांगली रक्कम होती. यातला 'कुठं' हा शब्द अभ्यासकांच्या सगळ्यात कामाचा. संग्रहालयातले कितीतरी मणी देखणे आहेत, पण ते पृष्ठभागावर वेचलेले. ते कुठल्या थरातले, त्यांच्या शेजारी कुठलं खापर होतं, चूल होती की पेव, याची नोंद त्यांच्यासोबत आलेली नाही. त्यांचं वय मग दुसऱ्या गावच्या, थरातून निघालेल्या मण्यांशी ताडून ठरवावं लागतं.